सकाळी पाहू

उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. घंटा व्हायच्या आधी मी संगणकाच्या खोलीचं कुलूप काढते, खिडकी उघडते, टेबलांवरची धूळ पुसते आणि भिंतीकडच्या संगणकाचं बटण दाबते. तो सावकाश जागा होतो. आधी पंखा घरघरतो, मग पडदा उजळतो, आणि मग उमेंद्र बोलतो.

"या, बसा. हात धुतले का?"

एवढंच. पोरं रांगेतून बाहेर पडतात, नळावर जातात, ओले हात चड्डीला पुसत परत येतात. हा आवाज उमेंद्रनंच भरून ठेवला होता. मोहाच्या दिवसांत पोरं पहाटे फुलं वेचून तशीच शाळेत येतात, हात चिकट, आणि कळफलकाची बटणं खाली जाऊन बसतात ती वर येत नाहीत. सांगून सांगून थकला तेव्हा त्यानं मशीनला सांगायला लावलं.

आता उमेंद्र नाही. श्रावणात गेला. मशीनला ते कुणी सांगितलेलं नाही.

तो माझा चुलतदीर. आमच्या एकाच अंगणात दोन चुली. एक आमची, मोठ्या घराची. दुसरी पार्वताकाकीची, म्हणजे उमेंद्रच्या आईची. चुलतसासरे खुशालजी मी लग्न होऊन यायच्या आधीच वारले होते, तेव्हा त्या चुलीवर दोघंच, माय आणि लेक. उमेंद्र शाळेत मानधनावर संगणक शिकवायचा आणि उरलेल्या वेळात धानात असायचा. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. गावात संगणक शिकलेली दुसरी कुणी नव्हती. मी गोंदियाजवळच्या कुडव्याची, कॉलेज गोंदियात झालं. त्याच्याच खुर्चीवर बसते. खुर्चीच्या पाठीला त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मी पाठ टेकत नाही.

त्या दिवशी मी गोंदियाहून आणलेला पेनड्राइव्ह लावला. एका संस्थेनं शाळांना वाचनाचा कार्यक्रम दिला होता, 'अक्षरवाट' नावाचा. तो संगणकात भरायचा आणि पोरांना लावून द्यायचा, एवढंच काम. मी बटण दाबलं. पडदा काळवंडला आणि मधोमध चौकट आली. पुढे जायचं असेल तर प्रशासकाचा पासवर्ड द्या. खाली नाव होतं, उमेंद्र. नावाशेजारी गोलात त्याचा फोटो, बांधावर उभा, उन्हानं डोळे बारीक केलेले.

पोरांसाठी त्यानं वेगळं खातं करून ठेवलं होतं, 'विद्यार्थी' नावाचं. त्या खात्यातून लिहिता येतं, चित्र काढता येतं, बघता येतं. नवीन काही आत आणता येत नाही, जुनं काही पुसता येत नाही. पोरं गेम भरायची म्हणून त्यानं असं केलं. सगळं आणायचा-पुसायचा अधिकार एकट्याकडे ठेवला. मलाही 'विद्यार्थी' म्हणूनच आत जावं लागतं.

मी सुचेल ते टाकून पाहिलं. त्याची जन्मतारीख, काकीचं नाव, गावाचं नाव, त्याच्या बैलांची नावं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा चुकीचा. एका अंगणात इतकी वर्षं राहिलो आणि मला त्याच्याबद्दल एवढंच सुचत होतं.

माझ्या मागे नीतू उभी होती. माझी मुलगी, तिसरीत आहे.

"आई, सर नाही म्हणून राहिले?"

"सर नाही म्हणत बेटा. मशीन म्हणते."

"मंग सरचं तोंड काऊन आलं?"

मागच्या बाकावरची पोरं हसली नाहीत. एकानं दुसऱ्याला हळूच सांगितलं, "सर अंदर हायेत."

मी चौकट बंद केली.

*

नीतू वाचत नाही. हे मला कळायलाच वेळ लागला, कारण ती धडा पाठ करायची. बोट ओळीवरून फिरवायची, बरोबर जागी पान उलटायची, मध्येच मान वर करून माझ्याकडे पाहायची. एकदा मी पुस्तकात दुसरंच पान उघडून दिलं, तर ती आधीच्या पानावरचाच धडा म्हणत राहिली. तिला अक्षरं दिसतात, पण ती जागेवर थांबत नाहीत. बदकातला ब डोळ्यांसमोरून सरकतो, म्हणते.

"मोठी होईल तर येईल," असं कैलाश म्हणतो. कैलाश माझा नवरा. गोंदियाला राईस मिलमध्ये असतो, रविवारी येतो. त्याला आठवड्यातून एक दिवस पोरगी दिसते आणि त्या दिवशी ती छान दिसते.

त्या कार्यक्रमाचं प्रशिक्षण गोंदियाला होतं तेव्हा मी नीतूला सोबत नेलं होतं. तिथल्या बाईंनी तिला सहज समोर बसवलं. कार्यक्रमात एकेक अक्षर पिवळं उजळतं, आवाज येतो, आणि पोरानं बोट लावल्याशिवाय पुढचं उजळत नाही. नीतूनं बोट लावलं. थांबली. पुन्हा लावलं. आणि एक अख्खी ओळ वाचली. पाठ नसलेली. मी सगळ्यांसमोर पाण्याची बाटली उघडत बसले होते, झाकण फिरत नव्हतं.

निघताना बाईंनी सगळ्यांना सांगितलं, महिना संपायच्या आत ज्या शाळेत कार्यक्रम चालू दिसणार नाही, तिथले संगणक जिल्हा परिषद दुसऱ्या शाळेला देणार आहे. मागणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत.

कुडव्याच्या टिंकूला मी फोन केला. दुकान आहे त्याचं, संगणक दुरुस्तीचं, माझ्या भावाचा दोस्त.

"दीदी, पासवर्ड का तो कुछ भी कर लेते," टिंकू म्हणाला. "पर वो सिस्टम ही पुराना है. ये नया प्रोग्राम उसपे चलेगाच नहीं. पूरा फॉर्मेट मारना पडेगा. चारों मशीन."

"म्हणजे सगळं जाईल?"

"सब साफ. नया डालके देता ना मैं."

"आणि आवाज?"

"कौन सा आवाज?"

मी फोन ठेवला. आवाजाची फाइल 'विद्यार्थी' खात्यातूनही वाजते, म्हणजे ती उचलता येते. ती मी त्याच दिवशी माझ्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवली. पण त्याचं नाव, तो गोल फोटो, चौकटीत येणारं ते तोंड, ते कसं उचलायचं?

मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद सर चष्मा कपाळावर ढकलून ऐकत राहिले. भले माणूस आहेत, पण निवृत्ती जवळ आली आहे.

"फॉर्मेट? म्हणजे मोडतोड?"

"नाही सर. आतलं पुसायचं आणि नवीन भरायचं."

"मॅडम, ते डेड स्टॉकमधले संगणक आहेत. नोंद आहे त्यांची. उद्या कुणी म्हटलं की मास्तरनं सरकारी माल पुसून टाकला, तर? तुम्ही असं करा, समितीच्या अध्यक्षांची सही आणा. अध्यक्षांनी लेखी परवानगी दिली तर माझी काही हरकत नाही." मग थोडं हसले. "तुमच्या तर घरचेच आहेत अध्यक्ष."

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष केशोराव. माझे सासरे.

*

मोह संपत आला होता. तरी पहाटे नाल्याकाठच्या दोन झाडांखाली आम्ही जायचो, मी, सासूबाई आणि काकी. खालचा पाला आधीच जाळून जमीन काळी करून ठेवलेली असते. त्या काळ्यावर पिवळी फुलं पडलेली दिसतात. वाकून वेचायची. कंबर मोडते आणि बोटं चिकटतात, चिकटलेल्या बोटांना राख लागते. काकी सगळ्यात भरभर वेचायची आणि वेचताना एक शब्द बोलायची नाही. माझी सासू शामकलाबाई मात्र बोलत राहायची, झाडाशी, टोपलीशी, माझ्याशी.

"यंदा कमी पडला. पडलाच नाही. दोन टोपल्या भरून राहिल्या नाही."

काकी झाडाच्या पलीकडे सरकली.

श्रावणापासून माझ्या सासूची काकीसमोर अशी बडबड सुरू झाली होती. मी त्या दिवसांत माहेरी होते, त्यामुळे त्या रात्री घरात काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं की मण्यार चावली, कळलं नाही, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी परत आल्यापासून रोज निजताना गादी झटकते. भिंतीपासून खाट ओढते. मण्यारीच्या विषानं आधी पोट दुखतं, पापण्या जड होतात म्हणे. मग नीतूला म्हणते, डोळे उघड, मीट, पुन्हा उघड. तिला वाटतं हा खेळ आहे.

काकी शाळेत खिचडी शिजवते. तिचं शेड माझ्या खिडकीच्या समोरच आहे. पूर्वी ती लेकाचा डबा घेऊन यायची, आता काम म्हणून येते. रोज मी बटण दाबते तेव्हा ती जाळीपाशी येऊन उभी राहते. "या, बसा. हात धुतले का?" ऐकते आणि परत चुलीकडे जाते. आम्ही दोघी याबद्दल कधी बोललो नव्हतो.

त्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती सुपात तांदूळ घोळत होती. मीही मूठभर घेऊन खडे पाहू लागले.

"काकी, संगणक सगळे पुसावे लागतील."

सूप थांबलं नाही.

"नीतूसाठी एक कार्यक्रम भरायचा आहे. सगळ्याच पोरांसाठी. जुन्यावर चालत नाही. आवाज मी मोबाइलमध्ये घेऊन ठेवला आहे. तुमच्या फोनमध्ये टाकून देते. पाहिजे तेव्हा ऐकता येईल."

"मोबाइलमंदी तो बोलंल," काकी म्हणाली. "इथं तो इचारते. पोट्टे उठून जातेत नं हात धुवाले."

मी मुठीतले तांदूळ सुपात परत टाकले.

ती तांदूळ घोळत राहिली. कोंडा उडून तिच्या पापण्यांवर बसत होता. मग माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

"पोट दुखते म्हणे, माय. मी म्हटलं, वायू धरला असंल. ओव्याचं पानी देल्लं. पोट चोळलं. मंग म्हणे, डोळे जड होऊन राहिले. मी म्हटलं, झोप मंग. डोळे जड झाले त झोप येऊन राहिली, अशी समजली मी. परह्याचे दिस होते, धान लावत दिवसभर चिखलात वाकलेला. त्याले गिळता येईना, तवा मी उठली."

"काकी, राहू द्या."

"मोठ्या घराच्या दारात गेली. भासऱ्यासंग, तुह्या सासऱ्यासंग, मी कदी बोलली नाही, तुले ठाऊक हाय. लगन होऊन आली तवापासून नाही. डोस्क्यावर पदर घेऊन भायेर उभी राहिली, जाऊबाईले हाक देल्ली. जाऊबाईनं अंदर जाऊन सांगतलं. अंदरून आवाज आला, पोटच दुखते नं, सकाळी पाहू. जाऊबाई भायेर आली अना मले तेच सांगतलं. सकाळी पाहू म्हणतात. मले ऐकू आलंच होतं. तरी तिनं सांगतलं."

सुपातला एक खडा तिनं उचलला, पाहिला आणि बाहेर फेकला.

"गाडीची चाबी त्याईच्याच उशाखाली राहते. मी आवाज देल्ला असता त? सरळ भासऱ्याले? उठा म्हटलं असतं, चाबी द्या म्हटलं असतं त? एका दाराचं अंतर होतं. पदर तोंडात धरून उभी राहिली मी, अना वापस आली."

शेडवरचा पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. वर्गातून पाढे ऐकू येत होते.

"अक्ती होऊ दे," काकी म्हणाली. "अक्तीले त्याले पितरात घेऊ. तवापर्यंत तो भायेरच हाय नं. घराचा नाही, पितराचा नाही. तवापर्यंत त्याले तिथं राहू दे. मंग पाहू."

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पहिल्या अक्तीपर्यंत त्याची पत्रावळ वेगळी, उंबऱ्याबाहेर. अक्षय तृतीयेला घागर भरतात, पितरांची नावं घेतात, तेव्हा तो त्यांच्यात जातो. अक्ती जवळ आली होती. महिनाही संपत आला होता. मी हो म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी त्या खोलीत जपून वावरले. कधी 'अक्षरवाट' पुन्हा लावून पाहायचा मोह व्हायचा. एकदा लावलाही. चौकट आली, उमेंद्रनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मी चोरी करताना सापडल्यासारखी चौकट मिटली. दुपारी खोली बंद करून निघाले की आतून पंख्याची घरघर येते आहे असं वाटायचं. परत जाऊन पाहायचे. मशीन बंद असायचं.

*

अक्तीच्या दिवशी कैलाश आला होता. सकाळी उन्हाळी धानाला पाणी देऊन सगळे घरी आले. सासूबाईंनी शेवया केल्या, चिंचवणी केली, कैऱ्या उकडल्या. देवाजवळ नवी घागर भरून ठेवली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या. या वेळी उंबऱ्याबाहेर एकही नव्हती. सगळ्या आत.

सासरे पाटावर बसले. ओंजळीत पाणी घेऊन एकेक नाव घेऊ लागले. आजोबा. वडील. आई. मग धाकटा भाऊ खुशाल. पाणी सुटत होतं, नाव येत होतं. मग ते थांबले. ओंजळ भरलेलीच.

"अना लहान," ते म्हणाले.

"लहान कोण?" नीतूनं विचारलं. ती दाराला टेकून उभी होती. "उमेंद्र काका?"

कुणी तिला गप्प केलं नाही. सासऱ्यांच्या बोटांतून पाणी आधीच गळायला लागलं होतं. त्यांनी ओंजळ सोडली. नाव त्यांनी घेतलं नाही. पण घेतलं गेलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पदर ओढून बसलेल्या काकीनं डोळे मिटले.

जेवणं झाली. काकी पत्रावळी गोळा करत होती. सासरे अंगणात चूळ भरून उभे होते. मला तोच वेळ बरा वाटला.

"मामाजी, शाळेच्या कागदावर तुमची सही पाहिजे होती. संगणकांचं काम आहे. उद्या टिंकू येणार आहे गोंदियाहून."

"कायचं काम?"

मी सांगितलं. पुसायचं हेही सांगितलं. ते नाल्याकडे पाहत होते.

"म्हणजे पोराचं नाव निंगल त्याच्यातून?"

"हो."

"हं." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. खूप वेळ पुसलं. "घाई कायची हाय? सण हाय आज. सकाळी पाहू."

सासूबाईंच्या हातातला तांब्या घागरीवर आपटला. एवढाच आवाज झाला. काकी पत्रावळींचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. पदर डोक्यावरून नाकापर्यंत आलेला, त्याच्या आत तिचं तोंड कसं होतं ते मला दिसलं नाही. ती तशीच अंगण ओलांडून उकिरड्याकडे गेली आणि परत यायला तिनं फार वेळ लावला.

सासऱ्यांना काय आठवलं, आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते कठोर माणूस नाहीत. नीतूला खांद्यावर घेऊन बाजारात नेणारे आहेत. श्रावणापासून चाबी उशाखाली ठेवत नाहीत, खिळ्याला टांगतात. हे मी पाहिलं आहे.

*

सकाळी सासरे उठून धानाला पाणी द्यायला निघून गेले होते. कागद तसाच कोनाड्यात.

टिंकू मोटरसायकलनं आला तेव्हा शाळेत प्रार्थना चालू होती. सडक अर्जुनीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मागे अडकलो, म्हणाला. पाठीला बॅग, डोळे लाल. दुर्गाप्रसाद सर दारात आले.

"सही?"

"नाही मिळाली, सर."

"मग मॅडम, आज नको. अध्यक्षांचं कळल्यावर..."

"सर, मैं फिर कब आऊंगा?" टिंकू म्हणाला. "शादी का सीजन है, अपनी ही बहन की शादी है. महीना निकल जाएगा."

सर चष्म्याशी खेळत राहिले. नीतू माझ्या कुर्त्याचं टोक धरून उभी होती. मी भिंतीकडच्या संगणकाचं बटण दाबलं. दुसरं काय करावं ते सुचलं नाही म्हणून दाबलं असेल. पंखा घरघरला.

"या, बसा. हात धुतले का?"

काकी या वेळी जाळीपाशी नव्हती. खोलीच्या दारात होती. हात राखेनं माखलेले. ते तिनं उलटे-सुलटे करून पाहिले, वळली, नळावर गेली. कोपरापर्यंत धुतले. परत आली आणि उमेंद्रच्या खुर्चीवर बसली. पाठ टेकून बसली.

"धुतले बाप्पा," ती पडद्याला म्हणाली. मग मला, "कर काय करते ते."

"पार्वताबाई," सर म्हणाले, "अजून परवानगी नाही मिळाली."

"परवानगी मांगाले एक बार गेल्ती मी, मास्तर."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. टिंकूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं पेनड्राइव्ह लावला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी कुणी बोललं नाही. पडदा पांढरा झाला, त्यावर चार ओळी आल्या.

"काय लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. "यातलं सगळं पुसलं जाईल. परत आणता येणार नाही. पुढे जायचं का? खाली दोन बटणं आहेत, हो आणि नाही."

"काकी, मैं दबा देता हूँ ना," टिंकू म्हणाला.

"नोको. हो कोणतं?"

"डावीकडचं."

तिनं माझ्या हातातला माऊस घेतला. तिचा हात ओला होता, थंड होता. बाण पडद्यावर भरकटला, कोपऱ्यात गेला, परत आला. मी हातावर हात ठेवणार होते, ठेवला नाही. बाण बटणावर येऊन थांबला. काकीनं बोट दाबलं.

एक रेघ डावीकडून उजवीकडे भरू लागली. काकी रेघ भरेपर्यंत बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं की चुलीवर पाणी ठेवलंय, पण उठली नाही.

बाकीच्या तीन मशीनचं टिंकूनंच केलं. दुपारच्या सुमारास भिंतीकडच्यानं विचारलं, या संगणकाचा प्रशासक कोण? रिकामी जागा, उघडझाप करणारी रेघ. मी टाइप केलं. बोटांनी आपोआप केलं.

"काय लिवलं?" काकी पुन्हा येऊन मागे उभी होती.

"उमेंद्र."

"त्याले काल जेवू घातलं. आता जाऊ दे त्याले." ती थांबली. "तुहं लिव. जित्या मानसाचं लिव."

मी पुसलं आणि रुची लिहिलं. चौकटीत माझं नाव पाहून मानेवर गार वारा आल्यासारखं झालं. पासवर्ड टाकला. मग सरांना सांगितला. मग काकीला सांगितला.

"मले कायले? मले वाचता येते काय?"

"ऐकून ठेवा, काकी. मी नसले तर कुणाला सांगता आला पाहिजे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ती रागावली. मग तिनं तो दोनदा म्हणून दाखवला, पाढ्यासारखा.

*

सासरे दुसऱ्या दिवशी शाळेत आले. धुतलेलं धोतर, खिशाला पेन. पायांना मात्र बांधावरचा चिखल तसाच होता. आवार ओलांडून सरळ माझ्या खिडकीपाशी आले.

"कागद घरी राहिला नं तो," ते म्हणाले. "आण. कुठं करू सही?"

मी खिडकीतून शेडकडे पाहिलं. काकी मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळत होती. तिनं सासऱ्यांना येताना पाहिलं होतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो वर घेतला नव्हता.

"गरज नाही मामाजी," मी म्हणाले. "झालं ते."

"झालं? कोणं केलं?"

"मी केलं," काकी म्हणाली.

सरळ त्यांना म्हणाली. मधे जाऊबाई नव्हती, मी नव्हते, पदर नव्हता. सासरे वळले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण त्यांनाही तिच्याशी बोलायची सवय नव्हती. पेन हातात तसंच धरून ते उभे राहिले. ऊन पाठीवर होतं. मग काहीतरी करायला हवं म्हणून की काय, ते खोलीच्या दाराकडे आले. आत पाहतो म्हणाले, काय केलं ते.

दारात नीतू होती. मशीन आता काही बोलत नाही. सकाळी बटण दाबल्यावर पोरं वाट पाहत उभी राहिली होती, बसावं की नाही ते त्यांना कळेना. तेव्हापासून नीतू दारात उभी होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती.

"आजोबा, हात धुतले का?"

ते खाली वाकून तिच्याकडे पाहत राहिले. तिनं वाट सोडली नाही. मग त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि नळाकडे गेले.

नीतू आत आली, तिच्या जागी बसली. पडद्यावर ब पिवळा झाला. तिनं बोट लावलं. "ब," ती म्हणाली. थांबली. द उजळेपर्यंत तिनं बोट उचललं नाही. मी तिच्या मागे उभी होते आणि खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता. "द." बाकीची पोरं आपापल्या पडद्यांवर वाकली होती. "क." पाणी वाहतच होतं. मी खिडकीशी गेले. सासरे नळासमोर वाकलेले होते, दोन्ही हात धारेखाली, चोळत नव्हते, नुसते धरलेले.

काकीनं पातेल्यात पळी ठेवली आणि मान वर केली.

"भाऊजी," ती म्हणाली, "नळ बंद करा. पानी वाया जाऊन राहिलं."